विनिताने गोदाम हलवलं

पनवेलला उरण नाक्याजवळ परेशशेठ ठाकूरांचं एक जुनं गोदाम होतं. पाण्याचे पंप, मोटारी, त्यांचे सुटे भाग, बेअरिंगं, रबरी वायसर अशा मालाने ते छपराला टेकेपर्यंत भरलेलं असायचं. बंदरात उतरलेला माल कंपन्या शेठकडे ठेवायच्या आणि मागणी येईल तसा तो इथून गावोगाव जायचा. गोदामाच्या पुढच्या अंगाला काचेची एक केबिन होती. तिथे विनिता घरत फोनवर बसायची. माल कुठे आहे आणि कधी मिळेल, हा एकच प्रश्न तिला दिवसभर वेगवेगळ्या आवाजांत ऐकायला मिळायचा, आणि ती प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं उत्तर द्यायची.

विनिता मूळची गव्हाणची. वडील बुधाजी मिठागरात राबले, मिठागरं गेल्यावर एका कंटेनर यार्डाच्या गेटवर बसायला लागले. पोरगी रोज एसटीने पनवेलला येऊन बी.कॉम. झाली आणि लग्न होऊन पनवेलला लागून असलेल्या टक्का गावात आली. सासू गुणाबाई पनवेलच्या बाजारात भाजी विकायची. नवरा हरेश बंदरावर क्रेन चालवायचा. फोनवरच्या या नोकरीत विनिता सात-आठ वर्षं होती. तिच्याकडून कुणी काही मोठं करायची अपेक्षा ठेवली नव्हती आणि तिनेही बोलून दाखवली नव्हती.

दोन हजार दहा साली परेशशेठनी उरणच्या बाजूला द्रोणागिरीला नवं गोदाम बांधलं. जुन्याच्या तिप्पट मोठं, बंदराला लागून, उंच रॅकचं. सगळा माल तिकडे हलवायचं ठरलं. त्यासाठी शेठनी बाहेरून एक इंजिनियर आणला, अवधूत देवधर. मनाने सरळ आणि कामाला वाघ. त्याने भिंतीवर केवढा तरी मोठा तक्ता लावला. कुठला माल कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीने, कुठल्या रॅकवर, सगळं वेगवेगळ्या रंगांत. मग शेठनी सगळ्यांना बोलावून मीटिंग घेतली. विनिता तेव्हा फोनवर होती, पण काचेतून तिला दिसत होतं. शेठनी विचारलं, “कोणाला काय अडचण हाय का?” ड्रायव्हरांनी माना हलवल्या, नाही. हमालांचा मुकादम काशिराम जमिनीकडे बघत राहिला. हिशेबाच्या वसुंधराबाई हसल्या. चहा आला, तो पिऊन मंडळी उठली.

पहिल्या आठवड्यातच सगळं विस्कटलं. वाटेत जासईला कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली की शेठची गाडी त्यात अर्धा दिवस उभी. तक्त्यावर दिवसाला तीन खेपा होत्या, प्रत्यक्षात एक झाली तरी खूप. गाडी अवेळी पोचली की तिथली माणसं घरी गेलेली, मग माल जागा दिसेल तिथे उतरवायचा. पंप एका कोपऱ्यात, त्याची मोटार दुसऱ्या. हमालांचे हात तर असे चालत होते, जणू पाण्यातून चालतायत. अवधूत सकाळी इकडे, दुपारी तिकडे, सगळ्यांवर ओरडून त्याचा घसा बसला.

आणि विनिताचा फोन वाजत राहिला.

त्यातला एक फोन ती पुढे कधी विसरली नाही. महाडच्या बाजूच्या एका गावात नळपाणी योजनेचा पंप बंद पडला होता आणि त्याचा एक भाग शेठच्या गोदामातून जायचा होता. गावचा पाणीपुरवठा बघणारा माणूस रोज फोन करायचा. विनिता कागद बघून सांगायची, द्रोणागिरीला पोचलाय, उद्या निघेल. द्रोणागिरीची माणसं सांगायची, इथे नाही, पनवेललाच असेल. असे पाच-सहा दिवस गेल्यावर तो माणूस एकदा अगदी शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण तो भाग कुठे आहे, हे तुमच्यापैकी एकाला तरी ठाऊक आहे का?”

विनिताने फोन ठेवला आणि ती खुर्चीतून उठली. दारात उभ्या गाडीत चढून बसली आणि द्रोणागिरीला गेली. भर उन्हात, साडीचा पदर खोचून तिने एकेक खोका उघडला. तो भाग रबरी पाइपांच्या ढिगाखाली निघाला. तिने तो स्वतः गाडीत चढवून महाडला रवाना केला, पण तोवर त्या गावाच्या बायका आठवडाभर डोक्यावरून पाणी आणत होत्या, हे काही पुसलं गेलं नाही.

महिन्याभरात शेठनी हात टेकले. गेलेला माल परत पनवेलला आणला. अवधूतने राजीनामा दिला, म्हणजे द्यावाच लागला. नंतर कितीतरी दिवस चहाच्या वेळेला एकच बोलणं, “फार शिकलेला. कागदावरचा माणूस.” द्रोणागिरीचं गोदाम तसंच पडून राहिलं आणि त्याच्या पत्र्यावर पारवे घुमू लागले.

पुढच्या वर्षी पनवेलच्या जुन्या जागेचा मालक आला. त्याला तिथे इमारत उभी करायची होती. दिवाळीपर्यंत गोदाम रिकामं हवं, असं त्याने निक्षून सांगितलं. आता माल हलवल्यावाचून सुटका नव्हती. शेठनी एकेकाला विचारून पाहिलं. कुणाला पाठदुखी होती, कुणाच्या घरी लग्न होतं. शेवटी शेठ काचेच्या केबिनमध्ये येऊन बसले.

“विनिता, गेल्या येळेला सगळ्या गिऱ्हाइकांना तूच सांभाळलास गो. एकही कंपनी सोडून गेली नाय. ह्या येळेला कामच तू घे.”

विनिता नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, “घेते. पण दोन गोष्टी. पहिला महिना मी काही हलवणार नाही, नुसतं लोकांना विचारत फिरणार. आणि काम सुरू झालं की काय करायचं ते मी सांगणार. तुम्ही मला हवं ते बोला, पण परस्पर ड्रायव्हरला फोन करून गाडी फिरवायची नाही.”

शेठ हसले. गेल्या खेपेला त्यांनी नेमकं तेच केलं होतं, दिवसातून चारदा.

विनिता सगळ्यात आधी गेली ती अवधूत देवधरकडे. नवीन पनवेलला एका इमारतीत तो राहायचा. दार उघडल्यावर तिला बघून तो गोंधळला. कंपनी सोडल्यापासून तिथलं कुणी त्याच्याकडे फिरकलं नव्हतं.

“तुमच्याकडून शिकायला आलेय,” ती म्हणाली.

“माझ्याकडून? मी तर बुडवलं सगळं.”

“म्हणूनच. कुठे काय निसटलं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?”

अवधूतने चहा टाकला आणि तो बोलायला लागला, आणि वर्षभर साचलेलं सगळं बाहेर आलं. तक्ता चुकीचा नव्हता, असं त्याला अजूनही वाटत होतं, आणि विनितालाही ते पटलं. तो म्हणाला, “मला एकाही माणसाने नाही म्हटलं नाही हो. जासईला गाड्या अडकतात, हे ड्रायव्हरांना माहीत असणारच ना? पण शेठ समोर बसलेले, वर विचारतायत, अडचण आहे का. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? आणि मीही वेडा. सगळे गप्प बसले म्हणून खूश झालो. वाटलं, प्लॅन काय झकास जमलाय.”

निघताना तो जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, “आणखी एक. तिसऱ्याच दिवशी मला कळलं होतं की हे जमत नाहीये. शेठना सांगितलं मी तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत रोज वाटायचं, उद्या मार्गी लागेल.”

ती टक्क्याला पोचेपर्यंत हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. घरी गुणाबाई उरलेली मेथी निवडत बसली होती. विनिताने सासूला सगळं सांगितलं. गुणाबाई ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, “त्या मानसाकडं गेलीस ता बरा केलास. कोनी तरी जायाला पायजे होता.”

दुसऱ्या दिवसापासून विनिता हमालांसोबत चहाला बसायला लागली. ती विचारायची, “काशिरामदादा, शिफ्टिंगमध्ये काय अडचण येईल?” काशिराम म्हणायचा, “काय नाय ताई. तुमी सांगा, आमी करू.” ड्रायव्हर तेच म्हणायचे. वसुंधराबाई हसायच्या. दोन आठवडे असेच गेले. अवधूतच्या वाट्याला जी शांतता आली होती, तीच आपल्याही वाट्याला आलीय, हे तिला कळत होतं. आता तिला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

मग एके सकाळी तिने प्रश्नच उलटा केला. हमाल, ड्रायव्हर, रॅकवरची माणसं, वसुंधराबाई, सगळ्यांना गोदामाच्या मागच्या ओट्यावर बसवलं. शेठना मुद्दाम बोलावलं नाही. ती म्हणाली, “असं धरा की दिवाळी होऊन गेलीय. शिफ्टिंग परत फसलंय. पार वाट लागलीय. आपण सगळे इथेच तोंडं पाडून बसलोय. आता मला सांगा, का फसलं असेल?”

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग एक ड्रायव्हर म्हणाला, “सकाळी गाडी सोडली असंल, दुसरा काय? सकाळी जासईला मुंगी पन सरकत नाय. दुपारी जेवनाच्या टायमाला रस्ता मोकळा असतो.” रॅकवरचा एक जण म्हणाला, “पंप आणि मोटार वेगळ्या गाडीने नेले असतील.” वसुंधराबाई पहिल्यांदाच बोलल्या, “माल तिकडे आणि बिलं इकडे राहिली असतील. गेल्या वेळी तेच झालं.” बघता बघता लोक एकमेकांचं बोलणं तोडायला लागले. झालेल्या फजितीबद्दल बोलायला त्यांची जीभ अडखळत होती, पण न झालेल्या फजितीबद्दल प्रत्येकाला सांगायचं होतं. काशिराम तेवढा गप्प होता.

“दादा, तुम्ही?” विनिताने विचारलं.

काशिरामने खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. “सांगू? आमचा काय होनार, ता कोनी सांगितलाच नाय, म्हनून फसला असंल. तिकडं ठेकेदार नवी पोरां आननार, असा आमच्या कानावर हाय. मंग आमी आमच्याच हातानं माल तिकडं न्हेऊन टाकाचा आनि घरी बसाचा का? तो मानूस आमच्यावर ओरडत होता, पन त्यानं एक डाव विचारला नाय, की तुमी येनार का तिकडं. आन येनार ता कशानं? पनवेलवरून द्रोनागिरीला पोचाला आमाला दोन गाड्या बदलाव्या लागतात.”

विनिताला एकदम कळलं की गेल्या वर्षी ते हात पाण्यातून चालल्यासारखे का चालत होते. कुणी मुद्दाम बिघडवलं नव्हतं. स्वतःच्या पोटावर पाय ठेवायचं काम कोण झपझप करील?

“ठेकेदाराचं खरं आहे का ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “खोटी आशा मी देणार नाही. विचारून येते आणि जे असेल ते तुम्हाला सांगते. तोवर एकही खोका हलणार नाही.”

ती तडक शेठकडे गेली. ठेकेदाराची गोष्ट खरी होती, म्हणजे शेठच्या मनात तसं होतं. ते चिडले. “हे हमालांना तू कशाला सांगत बसलीस?”

“मी नाही सांगितलं शेठ. त्यांना वर्षभरापासून ठाऊक आहे. फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं की त्यांना ठाऊक आहे.”

शेठ उद्या सांगतो म्हणाले. उद्याचा परवा झाला. विनिता रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहायची आणि रोज ओट्यावर येऊन सांगायची, “अजून उत्तर नाही.” हे सांगायला तिला लाज वाटायची, पण तिने एकही दिवस चुकवला नाही. त्या रोजच्या नकारघंटेनेच हमालांचा तिच्यावर विश्वास बसत गेला, असं काशिराम नंतर सांगायचा. शेवटी शेठ स्वतःच ओट्यावर आले. ते मूळचे शेतकऱ्याच्या घरचे, यातल्या काही जणांच्या बापांबरोबर लहानपणी खाडीत पोहलेले. ते उभ्या उभ्या म्हणाले, “ठेकेदार नाय आननार. तुमीच चला. पनवेलवरून सकाळी बस सोडतो, संध्याकाळी परत आनून सोडंल.” एवढं बोलून ते गेले. काशिरामने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि विचारलं, “ताई, सुरू कंदी करायचा?”

सुरुवात विनिताने अगदी लहान केली. रबरी वायसर आणि पाइप, बस. हे चुकलं तरी कुणाच्या घरचं पाणी बंद पडणार नव्हतं. आणि ते चुकलंही. नव्या गोदामाचा माल उतरवायचा धक्का गाडीपेक्षा उंच निघाला, माल वर चढवताना हमालांच्या कमरा मोडायची वेळ आली. त्याहून गंमत म्हणजे पत्र्याच्या आत मोबाईलला रेंजच नव्हती. आत असलेल्या माणसाला फोन लागायचा नाही आणि फोन करायचा तर त्याला गेटपर्यंत पळावं लागायचं. गेल्या वर्षी “इथे माल नाही” असं सांगणारी माणसं बहुतेक गेटवरूनच अंदाजाने सांगत होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने काम थांबवून धक्क्याला लोखंडी उतरण लावून घेतली, आतमध्ये साधा टेलिफोन ओढून घेतला. मग पुढचा माल काढला. गाड्या आता दुपारी निघायच्या, पंपाबरोबर त्याची मोटार एकाच गाडीत बसायची आणि वसुंधराबाईंची बिलं त्याच गाडीतून जायची.

काम रुळावर येतंय म्हटल्यावर शेठना हुरूप आला. त्यांना वाटलं, एवढं हलवतोच आहोत तर त्यातच नवी कॉम्प्युटर सिस्टीम बसवून टाकू, पॅकिंगचं मशीनही आणू. विनिता म्हणाली, “सगळं करू शेठ. पण आधी हे संपू दे. एका वेळी घरही बदलायचं आणि लग्नही काढायचं, असं करू नका.” शेठ कुरकुरले, पण त्यांनी मशीन मागवलं नाही.

खरा प्रसंग पुढेच होता. शेवटचा आणि सगळ्यात मोठा माल हलवायच्या दिवशीच शेठनी नव्या गोदामात पूजा ठेवली होती. कंपन्यांचे मोठे साहेब येणार होते, गावकीला आमंत्रणं गेली होती, मंडप ठरला होता. पूजेला आठवडा राहिला असताना विनिताने आग विझवायचा पंप चालवून बघायला सांगितला. पंप सुरू झाला, आवाज झाला, पण वरच्या पाइपांतून पाण्याचा थेंब येईना. पंप बसवणारा कंत्राटदार म्हणाला, “होऊन जाईल मॅडम, पूजेच्या आधी करतो.”

हे “होऊन जाईल” तिने फोनवर इतकी वर्षं इतक्या जणांकडून ऐकलं होतं की तिच्या अंगावर काटाच आला. जमिनीखालची पाइपलाइन उकरावी लागेल, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तिला अवधूतचे ते तीन आठवडे आठवले. तिने त्याच दुपारी शेठना गाठलं.

“शेठ, पूजेच्या दिवशी माल येणार नाही.”

शेठ इतके ओरडले की बाहेर ड्रायव्हरांनी विड्या विझवल्या. “पत्रिका वाटल्यात! साहेब लोक येनारेत! मी त्यांना काय दाखवू, अर्धे मोकळे रॅक? एक पाइप दोन दिवस बंद राहिला तर काय आभाळ कोसळतंय?”

विनिता बोटांवर मोजत सांगायला लागली. “ह्या मालात रंगाचे डबे आहेत, पुठ्ठा आहे, आत रबर आधीच आहे. आणि आता आत पन्नासेक माणसं असणार. आग लागलीच तर पाणी नाही. तुम्हाला मी हे पूजेच्या आदल्या दिवशी सांगितलं असतं तर काय केलं असतंत? आज सांगतेय. पूजा होऊ दे, माणसं येऊ दे, जेवण होऊ दे. फक्त माल नको.”

“आन कोनी विचारला तर?”

“माझं नाव सांगा. विनिता घरतने अडवलाय म्हणा.”

त्या दिवशी घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. नोकरी गेली असंच ती धरून चालली होती. हरेशने विचारलं, “मागे घेतेस का?” ती नाही म्हणाली.

पूजा झाली. केवढ्या मोठ्या त्या अर्ध्या रिकाम्या गोदामात मंत्रांचा आवाज घुमत होता. साहेब मंडळी सुटाबुटात रिकाम्या रॅककडे बघत होती. त्यातल्या एका कंपनीच्या मोठ्या बाईंनी शेवटी विचारलंच, “बाकीचा माल अजून आला नाही?”

शेठच्या कपाळाला घाम होता. विनिता चार हात अंतरावर प्रसादाचे द्रोण लावत होती आणि तिचे हात थांबले. शेठ तिच्याकडे बघून म्हणाले, “आगीचं पाणी चालू नव्हतं, मॅडम. आमच्या ह्या बाईंनी आणू दिला नाही. मी भांडलो, पण ऐकत नाहीत.”

त्या बाईंनी विनिताकडे वळून बघितलं. “आमचा माल ह्यांच्या ताब्यात आहे ना? मग ठीक आहे,” म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे करून प्रसाद घेतला.

पाइपलाइन उकरली. आत सिमेंटचा गोळा अडकलेला निघाला. पाणी वरपर्यंत उसळलं तेव्हा काशिरामची टोळी खाली उभी राहून भिजली, मुद्दामच. पुढच्या आठवड्यात शेवटची गाडी पनवेलहून निघाली. दिवाळीला अजून अवकाश होता. त्या अख्ख्या काळात विनिताच्या फोनवर माल न मिळाल्याची एकही तक्रार आली नाही. खरं तर तीन-चार आल्या, पण प्रत्येक वेळी माल नक्की कुठे आहे हे तिला सांगता आलं, आणि लोक निवांत फोन ठेवायचे.

शेठनी सत्काराचा घाट घातला तेव्हा विनिताने अवधूत देवधरला आमंत्रण पाठवायला लावलं. तो आला, मागच्या रांगेत बसला. बोलायची वेळ आली तेव्हा ती दोनच वाक्यं बोलली आणि त्यातलं एक होतं, “गेल्या वेळी काय चुकलं ते ह्यांनी मला मोकळेपणाने सांगितलं, म्हणून ह्या वेळी जमलं.” चहाच्या वेळेला जी माणसं त्याला कागदावरचा माणूस म्हणायची, तीच आता त्याला जेवणाचं ताट आणून देत होती.

त्यानंतर शेठनी तिला कॉम्प्युटर सिस्टीमचं काम दिलं. आता तर तिची स्वतःची खोली होती, दारावर नावाची पाटी होती. बाहेरच्या लोकांना बोलावून, महिनोन्‌महिने खपून तिने एक व्यवस्था तयार करून घेतली. माल कुठल्या रॅकवर आहे ते पडद्यावर दिसायचं. तिचा त्यात जीव अडकला होता. सुरू करायच्या आधी तिने आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना बसवून तोच उलटा प्रश्न विचारला.

वसुंधराबाई बोलायला उठल्या. आता त्या कुणाला भीत नव्हत्या. “विनिता, वाईट वाटून घेऊ नकोस. पण हे चालणार नाही. कंपन्यांना त्यांच्याच सिस्टीममध्ये सगळं भरून हवं असतं. म्हणजे आम्ही तेच काम दोनदा करायचं. दोन महिने लोक करतील, मग तुझ्यासाठी खोटं भरतील.”

विनिताचा चेहरा उतरला. ती उठून आपल्या खोलीत गेली. घरी गेल्यावरही तिने कुणाशी धड बोलणं केलं नाही, भात करपवला, गुणाबाईने विचारलं तर तिच्यावर डाफरली. तिला मनातून वसुंधराबाईंचा राग आला होता आणि त्या बरोबर बोलतायत याचा त्याहून जास्त. तिने सकाळपर्यंत स्वतःची खूप समजूत घालून बघितली की थोडं बदललं तर चालून जाईल, लोकांना सवय होईल. पण हे तर अवधूतचंच ‘उद्या मार्गी लागेल’ आहे, असं तिला वाटायला लागलं.

सकाळी ती शेठच्या केबिनमध्ये गेली.

“शेठ, कॉम्प्युटरचं काम बंद करू या. मी चुकीचं काहीतरी बांधलंय. आधी कंपन्यांना विचारायला हवं होतं, ते राहिलं.”

शेठनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर काम बुडाल्यावर कारणं देणारे पुष्कळ येऊन गेले होते. “आपलंच काम बंद करा म्हणून सांगाया आलेलं मानूस मी पहिल्यांदा बघतोय,” ते म्हणाले. “सगळं फुकट?”

“सगळं नाही. रॅकच्या पाट्या कामाच्या आहेत, त्या ठेवू. बाकीचं सोडू.”

“बरं,” शेठ म्हणाले, “मग बाकीचं काय करायचं ते त्या कंपन्यांना विचारून ये.”

विनिता बाहेर आली. वसुंधराबाई आपल्या टेबलाशी, मान खाली घालून बसल्या होत्या. काल आपण जरा जास्तच बोललो की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. विनिता त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

“बंद केलं,” ती म्हणाली. “आता तुम्ही माझ्याबरोबर चला. कंपन्यांकडे आपण दोघी जाऊ. मी विचारीन, आणि मला आवडतंय तेवढंच मी ऐकायला लागले, तर तुम्ही मला टेबलाखालून लाथ मारा.”

वसुंधराबाईंनी पर्स उचलली.